जावईबापूंचं पाणी

९ जानेवारी

आजपासून नोंद ठेवायची ठरवलं आहे. वही दवाखान्यातलीच. औषध विभागातून निवृत्त झालो त्या दिवशी अशा तीन कोऱ्या वह्या माझ्या पिशवीतून घरी आल्या. चोरी म्हणायची तर एकतीस वर्षांत एवढीच. रकाने छापलेले आहेत: तारीख, वेळ, काय, किती, कोणी दिलं, कोणी घेतलं. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी मी एकच वाक्य ऐकवायचो, लिहिलं नाही म्हणजे दिलं नाही. पाठीमागे सगळे माझी नक्कल करायचे, तेही मला ठाऊक होतं.

आता रुग्ण एकच. हॉलच्या खिडकीशी उभा आहे. उंची साडेसहा फूट, पानं सव्वीस, एकेक पान जेवणाच्या ताटाएवढं. नर्सरीच्या पाटीवर नाव होतं फिडल लीफ फिग. अंजिराच्या कुळातला आहे, पण घरात याला अंजीर धरत नाही. लुडूनं अकरा वर्षांपूर्वी आणला तेव्हा गुडघ्याएवढा होता. लहानपणी प्रत्येक गोष्टीत लुडबुड करायची म्हणून आमची मुलगी लुडू झाली, ती चौतीस वर्षांची झाली तरी लुडूच राहिली. लग्नाचा विषय निघाला की ती या झाडाकडे बोट दाखवायची. "हा घ्या तुमचा जावई. उंच आहे, घरजावई व्हायला तयार आहे, उलट बोलत नाही. आणखी काय पाहिजे?" तेव्हापासून हे जावईबापू.

लुडूला जाऊन आज सात आठवडे झाले. तिचे कपडे, पुस्तकं, नकाशे काढायच्या पेन्सिली, सगळं जागच्या जागी आहे. त्यात जिवंत एवढं एकच आहे. ते जगलं पाहिजे. बाकी मला आता कशाची काळजी उरलेली नाही.

१० जानेवारी

पहिलीच अडचण. लुडू झाडाला पाणी कधी घालायची, किती घालायची, मला माहीत नाही. अकरा वर्षं झाड माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी एकदाही पाहिलं नाही. शेवटी हिला विचारलं.

"ती पाणी कधी घालायची गं याला?"

"घालायची."

"अगं पण कधी? किती?"

"घालायची हो," म्हणाली आणि आत गेली.

ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होती. दिवसभर बोलून बोलून जीभ झिजली, आता उरलेले शब्द पुरवून वापरते, असं स्वतःच सांगायची आणि हसायची. नोव्हेंबरपासून तेवढेही वापरत नाही.

नर्सरीवालीकडे जाऊन आलो. पन्नाशीची बाई, हात कायम मातीत. म्हणाली, एवढ्या कुंडीला दर दहा दिवसांनी एक लिटर, आणि जागा हलवू नका, रुसतं. मला बरं वाटलं. प्रमाण मिळालं की मला बरं वाटतं.

सकाळी ९.००. पाणी. एक लिटर. दिलं: मी. घेतलं: जावईबापू.

२० जानेवारी

दुसरा लिटर दिला. बोट घातलं तर माती ओलसरच लागली. पण दहा दिवस झाले होते. मोजमापी चंबूतून मोजून दिलं, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

संध्याकाळी फिरून आलो. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं आहे. ते सकाळी चाला म्हणाले होते, पण सकाळी रस्त्यावर सगळे ओळखीचे भेटतात आणि तोंड बारीक करून उभे राहतात. म्हणून मी साडेपाचला निघतो आणि पावणेसातला परत येतो. थंडी असो, पाय दुखोत, डिसेंबरपासून एक दिवस चुकलेला नाही. संध्याकाळीही ओळखीचे भेटतात म्हणा, पण निदान चाललो म्हणजे दुसरा काही विचार करावा लागत नाही.

२ फेब्रुवारी

खालच्या तीन पानांवर तपकिरी डाग. एक डाग रुपयाएवढा. भिंग घेऊन तासभर बघत बसलो. ही म्हणाली, "तुम्ही असं बघितल्यावर मलाही डाग पडतील." पुष्कळ दिवसांनी एवढं मोठं वाक्य बोलली.

मला वाटतं तहान. एवढी मोठी पानं, खिडकीचं ऊन, एक लिटर कसा पुरेल? डोस दीड लिटर केला. पानं ओल्या फडक्यानं पुसली. पुसताना म्हणालो, जावईबापू, एवढी बडदास्त माझ्या सासऱ्यानं माझी ठेवली नव्हती. ही आतून ऐकत असेल तर हसेल असं वाटलं होतं. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत राहिला.

९ फेब्रुवारी

चार पानं गळली. राहिली बावीस. पान गळताना एवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. जाड पुठ्ठा पडल्यासारखा. मी वर्तमानपत्र वाचत होतो आणि दचकलो. ही धावत बाहेर आली, पान उचललं, पदरानं पुसलं आणि लुडूच्या खोलीत घेऊन गेली. तिथं काय केलं ते मी विचारलं नाही.

आज लिहूनच टाकतो. लुडू माझ्याच दवाखान्यात होती, आठ दिवस. साधा ताप म्हणून गेली आणि ताप मेंदूत चढला. त्या आठ दिवसांत मी तिच्या पलंगाशी टांगलेला कागद दर तासाला तपासत होतो. कोणतं औषध, किती, कधी, कोणी दिलं, सही आहे का. एका नर्सला सहीवरून बोललोही. हिनं आठ दिवस लुडूचे पाय हातात धरले होते. मी तिच्याजवळ बसलो नाही, मी कागदाजवळ उभा होतो. एकही डोस चुकला नाही. सगळं बरोबर दिलं, वेळेवर दिलं, आणि ती गेली.

आता हे झाडही माझ्या देखरेखीखाली जातंय.

१५ फेब्रुवारी

पानं सतरा. पडलेलं एक पान पिशवीत घालून नर्सरीत नेलं. बाईनं पान उलटं करून वास घेतला.

"काका, पाणी जास्त होतंय."

"शक्यच नाही. मी मोजून देतो."

"मग कुंडीला मोजता येत नसेल."

"अहो, मी एकतीस वर्षं..."

"हो, तुम्ही मागच्या वेळी सांगितलंत. पाणी जास्त होतंय. बंद करा. माती कोरडी होईपर्यंत थेंबही नको."

रस्ताभर मनातल्या मनात तिच्याशी भांडत आलो. पण दीड लिटरचा निर्णय माझा होता, हे घराच्या पायऱ्या चढताना कबूल करावं लागलं. आजपासून पाणी बंद. हिलाही सांगितलं, "जावईबापूंना उपास घातलाय." तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

२५ फेब्रुवारी

दहा दिवसांत मी एक थेंबही दिलेला नाही. माती ओली. नुसती ओली नाही, चिखल. खालच्या ताटलीत पाणी साचलेलं. बारीक चिलटं उडताहेत. पानं चौदा.

हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. बाईला फोन केला तर म्हणाली, "काका, तुमच्या घरात कुठंतरी पाणी मुरतंय," आणि स्वतःच हसली. मला हसू आलं नाही. खिडकी तपासली, छत तपासलं, भिंतीला कान लावून नळाची गळती ऐकली. शेवटी बाथरूममधला वजनकाटा आणला आणि त्याच्यावर कुंडी चढवली. दोघांनी मिळून उचलली. ही म्हणाली, "जावयाला काट्यावर उभं केलंत?" मी म्हटलं, "वजनावरून रोग कळतो." आता रोज वजन घ्यायचं, सकाळी आठला आणि फिरून आल्यावर सातला.

२८ फेब्रुवारी

वजनं, किलोत.

२६: सकाळी १९.३, संध्याकाळी १९.४.
२७: सकाळी १९.३, संध्याकाळी १९.५.
२८: सकाळी १९.४, संध्याकाळी १९.६.

उपाशी रुग्णाचं वजन वाढतंय.

१ मार्च

आज निघण्यापूर्वी पाच वाजून वीस मिनिटांनी एक जादा वजन घेतलं: १९.५. फिरून आल्यावर १९.७. म्हणजे जे काही होतंय ते मी बाहेर असताना होतंय. दोनशे ग्रॅम. पाणी धरलं तर दोनशे मिलिलिटर.

मला नोकरीतली एक गोष्ट आठवली. एक वर्षाचं बाळ सारखं झोपतंय म्हणून आणलं होतं. डोस बरोबर, बाटली बरोबर, आई शहाणी. मी आईला विचारलं, घरात आणखी कोण आहे? आजी होती. आई पाच थेंब देऊन कामावर जायची आणि आजी तिला विसराळू समजून आणखी पाच द्यायची. दोघींचाही जीव होता बाळावर. त्या दिवसापासून मी प्रत्येक बाटलीबरोबर विचारायचो, घरात आणखी कोण देतं? हा माझा प्रसिद्ध प्रश्न होता.

साडेपाच ते पावणेसात घरात कोण असतं? कामाच्या मावशी. त्या साडेपाचला येतात, भांडी घासतात, सहा-सव्वासहाला जातात. फरशी पुसून झाल्यावर बादलीतलं उरलेलं पाणी कुंडीत ओतायची बऱ्याच जणींना सवय असते. उद्या विचारतो.

२ मार्च

विचारलं. नको होतं विचारायला.

मावशी आमच्याकडे चौदा वर्षं आहेत. हातातला ओला फडका तसाच धरून उभ्या राहिल्या. "साहेब, त्या झाडाला मी हात लावत नाही. ताईंचं झाड आहे ते. पुसायचं तर लांबून पुसते." मग म्हणाल्या, "मी घाण पाणी घालीन त्याच्यात?" डोळे भरले होते. पायात चपला घातल्या आणि भांडी अर्धी टाकून गेल्या.

उरलेली भांडी हिनं घासली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मावशींना बोलायचं काय कारण होतं?"

"मग दोनशे ग्रॅम येतात कुठून?"

 ती एक पेला घासत राहिली, स्टीलचा, कडेला पोचा आलेला. बराच वेळ घासला.

४ मार्च

मावशी आल्या नाहीत. पानं अकरा. संध्याकाळचं वजन १९.८. मावशी नाहीत तरी वाढलं. मी हात टेकले.

५ मार्च

हे नीट लिहायचं आहे.

संध्याकाळी पंधरा मिनिटं चाललो असेन, तेवढ्यात चपलेचा पट्टा तुटला. तसाच फरफटत परत आलो. जिना चढत होतो, आमच्या मजल्याखालच्या वळणावर पोचलो तेव्हा वर दार उघडल्याचा आवाज झाला. मी वर पाहिलं. ही दारात उभी होती. हातात पेला, दुसरा हात पेल्याखाली, पाहुण्याला देताना धरतो तसा. ती जिन्याकडे बघत होती, पण मी वळणाच्या अलीकडे होतो, तिला दिसत नव्हतो. मी घड्याळ पाहिलं. सहा वाजले होते.

सहा वाजता लुडू ऑफिसातून यायची. अकरा वर्षं त्यात फरक पडला नाही. निवृत्तीनंतर मी आतल्या खोलीत रेडिओ लावून बसायचो आणि बेल वाजली की समजायचो, सहा झाले. बेलीनंतर दार, दारानंतर लुडूचा आवाज, "आई, पाणी." एवढं मी रोज ऐकलं आहे. उठून बाहेर येऊन पाहिलं मात्र कधीच नाही.

ही दारात पाच-सहा मिनिटं उभी असेल. मला वर जाता येईना, खाली जाता येईना. मग ती आत गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. मी चपला हातात घेऊन वर गेलो आणि फटीतून पाहिलं. तिनं पेला कुंडीत ओतला, अगदी सावकाश, सगळीकडे फिरवून. म्हणाली, "घे. आज पूर्णच घे. ती नाही आली."

मी पुन्हा खाली गेलो. पावणेसातपर्यंत खालच्या पायरीवर बसून राहिलो. मला रडायला आलं. नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच. वर आलो तेव्हा पेला धुऊन ओट्यावर पालथा घातलेला होता.

"झाली फेरी?" तिनं विचारलं.

"झाली, रोजच्यासारखीच," मी म्हटलं. चपलेचं सांगितलं नाही.

६ मार्च

ही अंघोळीला गेल्यावर तो पेला चंबूनं मोजला. काठोकाठ दोनशे मिलिलिटर.

घरात आणखी कोण देतं? आयुष्यभर हा प्रश्न लोकांना विचारला. दीडशे पावलांच्या या घरात विचारायला मावशी सापडल्या, ही नाही सापडली.

दुपारी मावशींच्या घरी जाऊन हात जोडले. म्हटलं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं साहेब. मी रोज बघते की. पण मी सांगायचं नव्हतं ते." उद्यापासून येते म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, लुडू काय करायची? त्यांनाही माहीत होतं. लुडू अर्धा पेला प्यायची आणि उरलेला झाडाला ओतायची. "अर्धा माझा, अर्धा माझ्या नवऱ्याचा," म्हणायची. मावशी सांगताना हसल्या आणि मग डोळे पुसू लागल्या.

अर्धा पेला म्हणजे शंभर मिलिलिटर. दहा दिवसांचा एक लिटर. बरोबर नर्सरीवालीनं सांगितला तेवढाच. लुडूनं मोजलं असेल असं मला वाटत नाही.

१० मार्च

हिला सांगायचं आहे आणि सांगता येत नाही. नको ओतूस म्हटलं तर त्याचा अर्थ दारात उभी राहू नकोस असा होईल. न सांगितलं तर झाड मरेल. पानं नऊ.

तोपर्यंत एक उद्योग शोधला आहे. कपाटात पन्नास मिलिलिटरची एक मोठी सिरिंज होती. रोज सकाळी ही भाजी आणायला गेली की ताटलीतलं पाणी ओढून काढतो. चार वेळा ओढलं की दोनशे. संध्याकाळी ती घालते, सकाळी मी काढतो. या वयात चोरावर मोर होऊन बसलो आहे. आज मध्येच ही परत आली, पिशवी विसरली होती. मी सिरिंज पाठीमागे लपवली. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओल्या फरशीकडे पाहिलं, पिशवी घेतली आणि गेली.

१२ मार्च

नर्सरीवालीला घरी बोलावलं. तिनं हॉलमध्ये प्लास्टिक अंथरलं, कुंडी आडवी केली आणि झाड ओढून बाहेर काढलं. वास आला. मुळं काळी पडलेली, धरलं की साल हातात येत होती. ही दारात उभी राहून बघत होती.

बाईनं कात्रीनं कापायला सुरुवात केली. कापत गेली, कापत गेली. शेवटी मूठभर पांढरी मुळं राहिली. कोरड्या मातीत झाड पुन्हा उभं केलं, काठीला बांधलं. पानं सहा होती, त्यातली दोन तिनं स्वतःच काढली.

"जगेल?" हिनं विचारलं.

"खोटं कशाला सांगू, बाई. मुळं फारच थोडी राहिलीत. मी येऊन बघेपर्यंत एक थेंब नको. एक पेला जरी पडला तरी संपलं."

तिनं पेला हा शब्द का वापरला कोण जाणे. मी तिला काही सांगितलं नव्हतं. हिचा चेहरा पांढरा पडला. मी खाली बघून प्लास्टिक गोळा करायला लागलो.

संध्याकाळी नेहमीसारखा फिरायला गेलो. परत आलो तर ओट्यावर पेला सुलटा होता. पाण्यानं भरलेला, वर बशी झाकलेली.

१४ मार्च

ओट्यावर तीन पेले. तिन्ही भरलेले, तिन्ही झाकलेले. मावशी ओटा पुसताना त्यांच्याभोवतीनं पुसतात.

झाड तसंच आहे. वजन कमी होतंय. व्हायला पाहिजे तसंच.

१६ मार्च

पाच पेले. आमच्याकडे पेले सहाच आहेत. दुपारी प्यायला पाणी घेताना मी सहावा घेतला, प्यायलो, धुतला आणि तिच्यासाठी ठेवून दिला. उद्या तोही भरेल. परवा काय करणार?

दोघांनी मिळून जेवलो. पाच पेले आमच्याकडे बघत होते. मी म्हटलं, मीठ जरा कमी आहे. ती म्हणाली, असेल.

१७ मार्च

आज मी फिरायला गेलो, पण कोपऱ्यापर्यंतच. पट्टा नवीन आहे, पायाला काही झालं नव्हतं. पानाच्या दुकानासमोरच्या बाकावर बसलो आणि घड्याळाकडे बघत राहिलो. मावशी आज लवकर आटोपून जाताना दिसल्या. सहाला पाच मिनिटं असताना उठलो. छातीत धडधडत होतं. लुडूच्या पलंगाशीही एवढं धडधडलं नव्हतं, कारण तिथं माझ्या हातात कागद होता.

जिना चढलो. दार बंद होतं. सहा वाजले आणि मी बेल दाबली.

आत काहीतरी पडलं. मग पावलं धावत आली. एवढ्या जोरात धावताना मी हिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं आहे. चार महिने या घरात सहाला बेल वाजली नव्हती. मी किल्लीनं दार उघडायला हवं होतं. पण उशीर झाला होता.

दार उघडलं. हिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लिहू शकत नाही. मला बघून ते विझलं. हातात पेला होता, निम्मं पाणी साडीवर सांडलेलं.

"मीच आहे," मी म्हटलं. "चुकलो. बेल नको होती वाजवायला."

मी चपला काढल्या.

"पाणी देतेस?"

बराच वेळ तिनं पेला पुढे केला नाही. मग केला. मी दारातच उभा राहून प्यायलो, सगळा.

"ती अर्धाच प्यायची," ती म्हणाली.

"मला माहीत नव्हतं. मावशींनी सांगितलं."

मग ती बोलायला लागली. भिंतीला टेकून, दार उघडंच ठेवून. "पाणी जास्त होतंय, मला कळत होतं हो. पानं काय मला दिसत नव्हती? रोज ठरवायचे, आज पेला भरायचाच नाही. सहा वाजले की हात आपोआप भरतात. आणि भरल्यावर टाकू कुठं? तिच्या नावानं भरलेलं पाणी मोरीत ओतू? त्यातल्या त्यात तिच्या झाडाला घातलं. मीच मारलं ते."

"दोघांनी मिळून मारलं. दीड लिटर माझा होता."

"तुम्ही तरी मोजत होतात."

 ती माझ्या हातातून पेला घेत म्हणाली, "आणि तुम्ही साडेपाचला घरातून पळता, ते साखरेसाठी का? मी एकटी ऐकते रोज. न वाजलेली बेल."

मला वाटत होतं साखरेसाठी. या वहीतही तसंच लिहिलं आहे.

ओट्यावरच्या पाच पेल्यांचं काय करायचं, ते तिनंच ठरवलं. जुनं मऊ फडकं घेतलं आणि आम्ही दोघांनी मिळून त्या पाण्यानं चारही पानं पुसली, दोन्ही बाजूंनी. मग लुडूच्या खोलीची फरशी पुसली. पाणी पुरलं.

२९ मार्च

नर्सरीवाली आली होती. मातीत बोट घातलं, खोड नखानं खरवडलं. खाली अजून हिरवं आहे, वर सुकलंय, म्हणाली. आजही पाणी नको. पानं तीन. जगेल का, ते तिनं या वेळी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

फिरायला मी आता सकाळी जातो. ओळखीचे भेटतात, तोंड बारीक करतात, मीही करतो. संध्याकाळी साडेपाचला नुसता खाली जाऊन बाकावर बसतो आणि सहाला वर येतो. बेल वाजवत नाही. दार उघडंच असतं.

काल जिना चढताना दम लागला, वर पोचायला चार मिनिटं उशीर झाला. ही तशीच उभी होती. मी म्हटलं, कधी फारच उशीर झाला तर थांबशील ना? म्हणाली, "सवय आहे मला."

आजची नोंद.

सकाळी ८.००. पाणी. शून्य. जावईबापू.

संध्याकाळी ६.००. पाणी. एक पेला, पूर्ण. दिलं: लुडूची आई. घेतलं: लुडूचे बाबा.